बंद खोलीतलं आमेन

बुधवारची प्रार्थनासभा आमच्या घरी असली की माझ्या वडिलांच्या, आप्पांच्या खोलीला मी बाहेरून कडी घालतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचा वास लोकांना यायला नको.

"आप्पा कसे आहेत?" चर्चच्या पाळकबाईंनी विचारलं.

"झोपलेत."

मग डोळे मिटून मी प्रार्थना केली, प्रभू, आम्हाला पवित्र कर, तुझ्या कामासाठी वापर. सगळ्यांच्या आधी आतून आप्पांचं खणखणीत 'आमेन' आलं.

"झोपेतही लक्ष आहे हो त्यांचं," बाई म्हणाल्या.

पवित्र होणं म्हणजे त्याच्या कामाला लागणं, दुसरं काय असतं? प्रभूने मला नेमून दिलेलं काम आत ओल्या चादरीवर पडलं होतं. मला उठवेना. गीत सुरू झालं. आतून येणारी आप्पांची हाक कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून मी मोठ्याने गाऊ लागलो.