खालून वाच

झाडे बाई आमच्या घरी पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग स्वतःच्या मनगटाकडे, आणि आईला विचारलं, "यातलं खरं कोणतं वं?" आईने चहा पुढे केला, तर त्यांनी पिण्याआधी कपात डोकावून पाहिलं.

सक्करदऱ्याच्या आमच्या शाळेत त्या चौथीला शिकवायच्या. "हजर" ऐकून त्यांचं समाधान होत नसे. हजेरी संपली की त्या डोकी मोजायच्या. पोट दुखतं म्हणणाऱ्याला "कुठं दुखते? बोट ठेव," म्हणायच्या आणि दहा मिनिटांनी पुन्हा बोट ठेवायला लावायच्या. बोट सरकलेलं दिसलं की पोट बरं झालं असं धरायच्या. पोरं त्यांना सीआयडी म्हणत. ते नाव मीच ठेवलं असं मी बरीच वर्षं सांगत आलोय. खरं म्हणजे ते माझ्याआधीच्या पोरांनी ठेवलेलं होतं.

माझी धाकटी बहीण शकू त्यांच्या वर्गात होती, मी सातवीत. शकूचं वाचन हा घरातला कौतुकाचा विषय. तिसरीपर्यंत दरवर्षी 'वाचन उत्तम' असा शेरा. त्यातली गोम फक्त आम्हा दोघांना ठाऊक होती. रोज संध्याकाळी मी तिला धडा तीनदा वाचून दाखवायचो, नाटकातल्या राजासारखा आवाज लावून, आणि ती तो जसाच्या तसा उचलायची. मी मध्ये खाकरलो, तर दुसऱ्या दिवशी वर्गात तीही तिथेच खाकरायची. नवं पान समोर धरलं की मात्र तिला घाम फुटायचा. "दादा, या ओळीत ओळख झालेलं अक्षर पुढच्या ओळीत मले ओळखच देत नाही," म्हणायची. मी तिला आळशी समजायचो आणि स्वतःला दयाळू. त्या दयेपोटी तिचा गृहपाठही मीच लिहायचो. अक्षर वेगळं दिसावं म्हणून डाव्या हाताने.

वर्गात बाकांच्या क्रमाने एकेकाने परिच्छेद वाचायची रीत होती. शकू कधी अडखळत नसे, आणि झाडे बाईंना न अडखळणाऱ्यांचाच संशय यायचा. एक दिवस त्या तिच्या बाकाशी येऊन उभ्या राहिल्या. "आता खालून वाच. शेवटच्या ओळीपासून वर."

शकू पुस्तक धरून घंटा होईपर्यंत तशीच उभी राहिली.

मग मला बोलावणं आलं. शकूची गृहपाठाची वही उघडी ठेवून बाई म्हणाल्या, "लिही. डाव्या हातानं."

"मी उजव्या हातानं लिहितो, बाई."

"मी काय म्हटलं गा?"

मी लिहिलं. शकूच्या वहीतलं अक्षर हुबेहूब कागदावर उतरलं. त्याच संध्याकाळी बाई आमच्या घरी आल्या आणि कपात डोकावल्या, ती ही भेट.

सगळं ऐकून बाबा म्हणाले, "म्हणजे पोट्टीले वाचताच येत नाही? मंग शाळेत कायले पाठवाचं? चौथी झाली का घरी बसवतो. आईले तरी मदत होईन."

दारामागे शकू होती. मी तिच्याकडे बघायचं टाळलं.

"काहून भाऊ, हेच ऐकाले बसले होते का तुम्ही?" बाईंनी डोळे बारीक केले. "वीस वर्षं झाले, मी लबाड पोट्टे पकडून राहिली. लबाड पोट्टं मेहनत वाचवते. ही तर एक पान वाचाले लागू नये म्हणून अख्खं पुस्तक पाठ करून राहिली. अशी लबाडी कोणी करते का? काहीतरी दुसरंच आहे. काय आहे, ते मलेही माहीत नाही. आळस नाही, एवढं पक्कं. हे वर्ष मले द्या."

"तुम्ही उगाच पास करून द्याल."

"मंग परीक्षेले तुम्ही येऊन बसा."

मधल्या सुट्टीत बाई शकूच्या पाठीवर बोटाने अक्षर काढायच्या आणि डोळे मिटून ओळखायला लावायच्या. मग तेच अक्षर ताटातल्या रव्यात. आता शाळेला बाईंचाच संशय येऊ लागला. ही पोरगी त्यांची नात्यातली असणार, अशी कुजबुज सुरू झाली. परीक्षेत बाई प्रश्न वाचणार आणि शकू तोंडी उत्तरं देणार म्हटल्यावर हेडमास्तर स्वतः येऊन बसले आणि त्यांनी आपल्या मनचे प्रश्न विचारले. शकू एकाही उत्तराला अडली नाही. बाबा मागच्या बाकावर गुडघे दुमडून बसले होते. पाचवीची पुस्तकं त्यांनीच आणून दिली.

या प्रकाराला डिस्लेक्सिया म्हणतात, हे आम्हाला पुष्कळ वर्षांनी शकूच्या लेकाच्या शाळेत कळलं. बाईंना ते नाव कधी कळलंच नाही.

लग्न होऊन शकू कामठीला गेली. बाई अंथरुणाला खिळल्याचं कळलं, तेव्हा तिने त्यांना पत्र लिहिलं आणि द्यायला आम्ही दोघं गेलो. बाईंनी कागद उजेडात धरला.

"कोणी लिहून दिलं?"

"मीच लिहिलं, बाई."

"मंग इथं लिही. माह्यासमोर." आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू बाहेर बस गा. तुह्यावर माहा अजून संशय आहे."

चाळिशीकडे झुकलेला, दोन पोरांचा बाप मी, वर्गाबाहेर काढल्यासारखा ओसरीवर बसलो. पाऊण तासाने आत बोलावलं. शकूची बोटं शाईने निळी झाली होती. बाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि वाचायला लागल्या. खालून वर, एकेक ओळ. मग त्यांनी घड्या घालून ते उशीखाली सरकवले.

ती आमची शेवटची भेट. निघताना त्यांनी विचारलं, "किती वाजले वं?"

"सव्वापाच," शकू म्हणाली.

बाईंचं घड्याळ मनगटावरच होतं. त्यांनी त्याकडे पाहिलं नाही.