भिंतीकडे तोंड केलेली खुर्ची

या न्हाव्याला सगळे म्हणीकाका म्हणतात. गिऱ्हाइकाने शेजाऱ्याच्या नव्या गाडीवरून कुरकुर केली की काकांनी वस्तरा थांबवून एक म्हण हाणलीच. पोराला मोठा साहेब करायला निघालेल्यालाही एक. जळणारे, हावरे, मूर्ख, सगळ्यांचं औषध त्यांच्याकडे तयार.

मग बरोब्बर समोर पुतण्याने दुकान टाकलं. काचेचं दार, मऊ खुर्च्या. पोरगा काकांच्याच हाताखाली शिकलेला. त्या दिवसापासून काकांच्या म्हणी आटल्या. सारखं दाराशी जायचं, समोर किती डोकी बसलीत बघायचं, परत यायचं, पुन्हा जायचं. काकू म्हणाली, बघून बघून त्याची गिऱ्हाइकं कमी होणार आहेत का? तिच्यावरच खेकसले.

एका सकाळी त्यांनी खुर्चीचे बोल्ट काढले आणि रस्त्याकडे असलेलं तिचं तोंड आतल्या कोपऱ्याकडे फिरवलं. आरसाही तिकडेच टांगला. आता बसणाऱ्याला समोरचं दुकान दिसायलाच नको.

पहिला आला बसचा ड्रायव्हर. जुनं गिऱ्हाईक, आणि आता रोजचं म्हणावं असं तेवढंच उरलेलं. पण उजेड पडला पाठीमागून, त्याच्या गालावर काकांच्याच हाताची सावली. त्यात काकांना मान वळवून रस्त्यापलीकडे बघायची खोड. वस्तरा लागला.

ड्रायव्हरने टॉवेल फेकला आणि अर्ध्या तोंडाला फेस तसाच ठेवून सरळ समोर गेला. काका दाराशी धावले. हा तुटला तर दुकानाला कुलूपच.

जरा वेळाने तो तणतणत परत. पुतण्याने जखमेवर तुरटी फिरवली होती, पुढे हात लावला नव्हता. एकाने सुरू केलेली दाढी दुसऱ्याने पुरी करायची नाही, काकांनीच शिकवलंय, असं पुतण्या म्हणाला होता.

"तुमच्या काका-पुतण्याच्या नियमात माझं थोबाड कशाला अडकवता?" ड्रायव्हर म्हणाला. "असा बस चालवू?"

काकांनी पाना घेतला, खुर्ची उजेडाकडे वळवली आणि दाढी पुरी केली. ड्रायव्हर उद्या येतो म्हणाला.

मग काका रस्ता ओलांडून पुतण्याच्या दाराशी उभे राहिले. 

"काका, किती दाढी वाढवलीत," पुतण्या म्हणाला. "बसा."

काका बसले. पण गालाला फेस लागेपर्यंत त्यांनी त्याचे कप्पे, फवारे, टॉवेल, सगळं न्याहाळून घेतलं होतं.