पेनानं चालणारं पोरगं

नारायणगावच्या स्टँडवर जीपच्या दारात माझा उजवा अंगठा सापडला. ऑपरेशन झालं, टाके निघाले, पण चिमूट काही येईना. सुई, मीठ, पोलक्याचं हूक, सगळं बोटांतून निसटायचं. डॉक्टर म्हणाले, बोटांना बारीक काम देत राहा, येईल तेवढं येईल. मला काळजी बागेची होती. आमची वारूळवाडीला द्राक्षबाग आहे. विरळणीला घडातले जादा मणी कात्रीनं काढावे लागतात आणि लग्न होऊन आले तेव्हापासून ते काम माझं. माझ्याइतका साफ घड कुणी करत नाही, हे मी स्वतःच सांगते. दुसरं कुणी सांगेल म्हणून वाट बघत बसले, तर बसलेच.

पुण्याला नोकरी करणारा धाकटा भाऊ भेटायला आला, तो त्याचा जुना गेम घेऊन. पुस्तकासारखं उघडणारं छोटं यंत्र, वर-खाली दोन पडदे आणि मागच्या खाचेत खोवलेलं काडीएवढं पेन. राजुरीला माहेरी लहानपणी आम्ही टीव्हीला जोडून व्हिडिओ गेम खेळायचो आणि तो माझ्याकडून कायम हरायचा. त्यामुळे मी आपली जुन्या सवयीनं बटणं दाबायला लागले. पडद्यावरचं तलवारवालं पोरगं ढिम्म.

"तायडे, बटणं इसर. ह्यात समदं पेनानं. जिकडं टेकवशील तिकडं त्यो जातोय."

पेन घेतलं, तरी पोरगं हलेना. भाऊ हसायला लागला. "अगं टेकव की! वरनं नुसती काय ओवाळतीस त्याला?"

खरंच, मी पेन पडद्याच्या जरासं वर धरून फिरवत होते. घड धरायचा तो देठाशी. मण्याला बोट लागलं की त्यावरची पांढरट भुकटी पुसली जाते आणि माल डागी दिसतो. इतकी वर्षं हेच केलेला हात काचेला तरी सुखासुखी कसा टेकणार?

हळूहळू टेकवायला शिकले. शत्रूवर रेघ ओढली की तलवार चालायची, पोरग्याभोवती गोल काढला की ते गिरकी घ्यायचं, नकाशावर वाट काढून दिली की होडी त्याच वाटेनं निघायची. मला खेळ आवडला, लपवत नाही. पण गोल पुरा व्हायच्या आत पेन सुटायचं आणि पोरगं पुलावरून थेट पाण्यात.

"सेटिंगमधी डाव्या हाताची सोय हाय. करून देऊ?" भावानं विचारलं.

"माझा हात गेला न्हाई अजून," मी ताडकन म्हणाले.

तो पुण्याला गेला. इकडे छाटणी झाली, घड लागले, आणि मी रोज दुपारी त्याच पुलावर अडकलेली. एकदा जेवताना नवऱ्यानं विचारलं, "औंदा विरळणीला तुला धरू का, का जास्तीच्या बाया सांगू?" मी म्हटलं, सांगते.

त्या दुपारी पेन पुन्हा निसटलं ते पलंगाखाली. डाव्या हातानं ओढून काढलं आणि उजव्यात परत दिलंच नाही. सेटिंगमध्ये गेले, डावा हात केला. मग मला रडू आलं. घरात कुणी नव्हतं, म्हणून चांगली पोटभर रडले. तोंड धुऊन पुन्हा खेळायला बसले. डाव्याला अक्कल कमी होती, गोल अंड्यासारखे यायचे, पण पेन सुटत नव्हतं. चार-आठ दिवसांत पूल ओलांडला आणि नवऱ्याला सांगितलं, "मला धरा."

विरळणीच्या पहिल्या सकाळी त्यानं कात्री पुढे केली. मी ती डाव्या हातात घेतली आणि उजव्यानं देठ सावरला. तेवढं त्या हाताला जमत होतं. पहिला घड व्हायला फार वेळ लागला, पण मणी एकही दुखावला नाही. आम्ही दोघं एकाच वेलाखाली शेजारी उभं राहून काम करतो. तो कायम माझ्या डाव्या बाजूला. आता कात्री चालली की माझं कोपर त्याला लागायला लागलं. दोनदा लागलं तेव्हा मी ओशाळून थांबले.

"चालू दे तुझं," तो म्हणाला, आणि वेलाला वळसा घालून माझ्या उजव्या बाजूला येऊन उभा राहिला.