कौसल्याबाईचं वाढीव वय

आमच्या गावात बाळंतीण म्हटली का कौसल्याबाई. राळेगावच्या दवाखान्यात नेली तरी सोबतीले तीच लागे, अन् घरी आणल्यावर शेकशेगडीलेबी तीच. अर्ध्या बौद्धपुऱ्यातली लेकरं तिच्याच पायावर न्हाली. अन् सोताच्या पोरीवर वेळ आली तवा बाई इथंच अडकली, आता बोला.

तिची रंजिता जर्मनीत नर्स आहे. पहिलं लेकरू सातव्या महिन्यात पोटातच गेलं, अन् त्या वक्ती जवळ आपलं माणूस नव्हतं. यंदा पुन्हा दिवस गेले तशी फोनवर रडली, "आई, या खेपी तू पाह्यजे. मले भेव वाटते." कौसल्याबाईनं पासपोर्ट काढला. व्हिजासाठी आजारपणाचा विमा लागते म्हणे, म्हणून ती अन् मी, तिची शेजारीण, यवतमाळले कपिलकडं गेलतो. कपिल आमच्या गावचाच, विम्याचं काम करते.

त्यानं आधार पाह्यलं अन् हसला. "काकू, तुम्ही एक्याऐंशी वर्साच्या? मंग रंजिता पन्नाशीनंतर झाली का?"

"दात काढू नको मेल्या," मी म्हटलं. तिचं खरं वय पासष्टीच्या आतबाहेर असन. पण पंधराक वर्सामागं गावात आधारचं शिबिर आलतं, तवा पासष्टीवाल्याइलेच सरकारचा निराधारचा पगार भेटे. तिचा नवरा नागोराव खाटेले खिळला होता. तिनं वय वाढवून सांगतलं. तिनंच काय, अर्ध्या गावानं सांगतलं. कापूस येचून येचून बाईची हाडं निघालती, लिहिणाऱ्याले शंकाबी आली नाही.

कपिलनं त्याच्या साऱ्या कंपन्याइत विचारलं. ऐंशीच्या वरचं माणूस कोणी घेत नव्हतं. "जन्माचा दाखला आणा, वय दुरुस्त करू," तो म्हणे. दाखला कुठून आणता? बाईनं शाळेचं तोंड पाह्यलं नाही, अन् जन्मली वावराच्या धुऱ्यावर.

"मंग मी खरं सांगतो ना त्याइले," कौसल्याबाई म्हणे. "मले काही आजार नाही. माया हातापायाकडं पाहा म्हणा." कपिलनं आधार तिच्या हाती वापस देल्लं. मले असा राग आला होता, पण काढता कोणावर?

एसटीनं गावी वापस आलो. संध्याकाळी रंजिताचा फोन आला, फोन स्पीकरवर होता, मी तिच्याच घरी चहा मांडत होती. सारं आयकून पोरगी भडकली. "काहून वाढवलं वय? चार पैशासाठी? आता मी इथं एकटी काय करू?"

"चुकलं माय," कौसल्याबाई म्हणे. "तिथलीच एखादी बाई पाहून ठेव." अन् फोन ठेवला.

मले राहवलं नाही. "सांगाचं होतं ना तिले. त्याच पगारावर तिचं नर्सिंग झालं. यवतमाळची मेस, एसटीची पास. तो पगार नसता तं पोट्टी जर्मनी काय, राळेगावलेबी गेली नसती."

"नको वं," ती म्हणे. "दोन जिवाची आहे. मायवर राग काढते तं काढू दे. हे आयकलं तं सोतालेच बोल लावत बसन."