चांगदेवला न भेटलेली कीबोर्डवाली

नागावात लग्न असो, साखरपुडा असो की शाळेचं स्नेहसंमेलन, मांडव आणि स्पीकर घरत डेकोरेटर्सचेच. मालक चांगदेव घरत, वय सत्तावन्न, कामाला चोख आणि तोंडाने फटकळ. माइकने शिट्टी मारली की ती कोणत्या खांबाजवळून आली हे तो घरी भाकरी खाता खाता सांगतो. अशा माणसाला गाण्यातलं कळतं यात नवल नाही. नवल हे, की त्याला कळतं ते फंक, मेटल आणि प्रोग्रेसिव्ह रॉकमधलं.

झालं असं, की बारा वर्षांपूर्वी समुद्राकडच्या एका बंगल्याचे मुंबईकर मालक बंगला विकून गेले. नव्या मालकाने माळा रिकामा करायला चांगदेवला बोलावलं, कारण टेम्पो त्याच्याकडे होता. माळ्यावर दोन पेट्या भरून एलपी रेकॉर्डी निघाल्या. टाका भंगारात, असं नवा मालक म्हणाला. पण चांगदेवच्या वडिलांचा, लग्नात रेकॉर्डी वाजवायचा प्लेअर गोडाऊनमध्ये गाद्यांच्या ढिगामागे पडून होता, आणि पेटीतल्या पहिल्याच कव्हरवर तीन डोळ्यांचा घोडा होता. हा घोडा गातो तरी कसा, एवढंच बघायला चांगदेवने ती रेकॉर्ड लावली, आणि जो त्या नादाला लागला तो लागलाच.

इंग्रजी त्याला बेताचंच येतं, म्हणून शब्दांच्या वाटेला तो गेला नाही. कोण काय वाजवतो, कोण कुणाला पुढे जाऊ देतो, कोण उगाच मध्ये तोंड घालतो, हे तो ऐकत बसायचा. ऐकलेलं आधी जुन्या पावतीपुस्तकांच्या कोऱ्या बाजूला लिहायचा, मग रेकॉर्डी जमवणाऱ्यांच्या एका मराठी फेसबुक ग्रुपवर लिहायला लागला. फंकच्या एका रेकॉर्डबद्दल त्याने लिहिलं, ‘बास असा की बसलेल्या माणसाचा गुडघा त्याला न विचारता हलतो.’ मेटलच्या एका रेकॉर्डबद्दल लिहिलं, ‘पहिल्या गाण्यात नुसता खडीचा डंपर रिकामा होतो. दुसऱ्या गाण्यात कळतं की खडी चाळून घेतलेली आहे.’ नियम एकच, तीन वेळा ऐकल्याशिवाय एक अक्षर लिहायचं नाही. लोक त्याच्या शब्दावर रेकॉर्डी विकत घ्यायचे. याचा त्याला अभिमान होता आणि तो लपवायच्या भानगडीत तो कधी पडला नाही.

यंदा दिवाळीनंतर ठाण्याच्या ‘सहावा मजला’ नावाच्या बँडने स्वतःच्या खर्चाने प्रोग्रेसिव्ह रॉकची रेकॉर्ड काढली. प्रती फक्त तीनशे. त्यातली एक ग्रुपमधल्या कुणीतरी परीक्षणासाठी नागावला धाडली. चांगदेवने तीन वेळा ऐकली आणि लिहिलं. बासवाला सावध आहे, गाणाऱ्याचा श्वास माइकमध्ये ऐकू येतो, जरा हळू घ्यावा, तिसऱ्या गाण्याआधी ड्रमवाल्याचं स्टूल कुरकुरतं, त्याला तेल द्या. आणि शेवटी, ‘कव्हरच्या मागे पाच जणांचे फोटो आहेत, पैकी एक मुलगी कीबोर्डवाली आहे असं छापलंय. दोन्ही बाजू तीनतीनदा ऐकल्या. मला ती भेटली नाही. फोटोपुरती बोलावली असावी.’ ग्रुप खो-खो हसला. दोनशेवर लोकांनी हसरे चेहरे टाकले, आणि चांगदेव दोन दिवस कॉलर ताठ करून हिंडला.

तिसऱ्या दिवशी निरोप आला. ‘काका, ती पाचवी मी. पूनम. स्टूल कुरकुरतं हे आम्हा पाच जणांशिवाय आजवर कुणाच्या लक्षात आलेलं नाही. ते ज्याला ऐकू येतं त्याला मी कशी ऐकू येत नाही? मी चिडलेय, पण त्याहून जास्त मला हे कोडं पडलंय. तुम्ही कशावर ऐकता ते बघायला येऊ?’

चांगदेवने रेकॉर्ड चौथ्यांदा लावली. पाचव्यांदा लावली. मुलगी नाहीच. आणि मग त्याला आपल्याच कानांची शंका आली. त्याच्या वडिलांचे कान साठीच्या आत गेले होते, उभा जन्म कर्ण्याखाली बसून. आधी म्हणे एकेक वाद्य जातं, आणि गेलं हे आपल्याला कळतही नाही. चांगदेवने घरात कुणाला काही सांगितलं नाही, पण टीव्हीचा आवाज बारीक करकरून ऐकायला लागला, परसात लांब उभा राहून बायकोला, केसरला, हळू हाक मारायला सांगू लागला. शेवटी तिलाच त्याने रेकॉर्डसमोर बसवलं आणि विचारलं, यात बाजाच्या पेटीसारखं काही वाजतंय का? केसर म्हणाली, मला यातलं काही कळत न्हाय, आणि कळायला नको बी हाय. अशा साक्षीचा काय उपयोग? त्याने पूनमला लिहून टाकलं, ये.

रविवारी ती मांडव्याच्या बोटीने आली. तिशीची, केस बारीक कापलेले, येताना केसरसाठी पेढे घेऊन आलेली. चांगदेव तिच्या नजरेला नजर देत नव्हता. गोडाऊनमध्ये लाल खुर्च्यांच्या चळतींमधून वाट काढत तो तिला प्लेअरजवळ घेऊन गेला आणि सुई ठेवली. पूनम ऐकत राहिली. अर्धं गाणं झालं तशी ती खुर्चीत पुढे सरकली.

“खरंच नाहीये मी,” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं.

चांगदेवच्या जिवात जीव आला. म्हणजे कान शाबूत आहेत. मग बिघडलंय काय? पूनम प्लेअरच्या मागे वाकली. सुईच्या पिकअपमधून दोन तारा निघत होत्या. पांढरी तार ॲम्प्लिफायरला गेली होती, लाल तार टेपमध्ये गुंडाळून खिळ्याला बांधून ठेवली होती. ही का सोडलीय, असं तिने विचारलं. चांगदेवने धंद्यातली गोष्ट सांगितली. मांडवात माणसं चारी बाजूंना बसतात. डाव्या कर्ण्यातून एक आणि उजव्यातून दुसरं वाजवलं तर अर्ध्या वऱ्हाडाला अर्धंच गाणं मिळेल आणि नवरीचा मामा भांडायला येईल. म्हणून सगळीकडे एकच आवाज सोडायचा. बारा वर्षांपूर्वी नवा पिकअप बसवताना लाल तार त्याला जादाची वाटली. स्पीकरचा दुसरा खोका लावला तर ती त्याच्यासाठी, आणि तिच्यातूनही तेच येणार, अशी त्याची समजूत.

“आम्ही जुन्या पद्धतीने केलंय, काका,” पूनम म्हणाली. “गिटार पूर्ण डावीकडे, मी पूर्ण उजवीकडे. तुमच्या पांढऱ्या तारेतून फक्त डावीकडचं येतं.”

चांगदेवने दुसरा ॲम्प्लिफायर ओढला, दुसरा खोका उजव्या हाताला मांडला, टेप सोलून लाल तार जोडली. सुई ठेवली आणि मध्ये येऊन बसला. उजवीकडून कीबोर्ड आला, पहिल्या सुरापासून, अगदी जवळून. त्याने मान वळवून बघितलं, जणू तिकडे कुणी येऊन उभं राहिलंय. त्याला हसू आलं, आणि पाठोपाठ इतकी लाज वाटली की कानाच्या पाळ्या तापल्या. ही एकच रेकॉर्ड नव्हती. बारा वर्षांत त्याने दोनशे चौदा रेकॉर्डींवर लिहिलं होतं, आणि छाती ठोकून लिहिलं होतं.

गाणं चालू असतानाच त्याने फोन काढला आणि ग्रुपवर लिहिलं. ‘मंडळी, माझी आजवरची सगळी परीक्षणं अर्धंच ऐकून लिहिलेली आहेत. प्लेअरची एक तार मीच बंद ठेवली होती. सहावा मजलाची कीबोर्डवाली पहिल्यापासून वाजवते आहे, चूक माझी. चेष्टा करायची ती आता माझी करा.’ ते पूनमला वाचून दाखवलं आणि पाठवून दिलं. केसर दारात चहा घेऊन उभी होती. इतक्या वर्षांत नवऱ्याने ‘चूक माझी’ म्हटलेलं तिने पहिल्यांदाच ऐकलं.

“आता सांगा, कशी वाजवते मी?” पूनमने विचारलं.

चांगदेवने तिला थांबायला सांगितलं. दोन्ही बाजू संपेपर्यंत तो ऐकत राहिला. चहावर साय आली. खरं तर गोड बोलायला आज हरकत नव्हती. पोरीचा त्याने चारचौघांत अपमान केला होता, ती पाण्यातून आणि रस्त्याने एवढी लांब आली होती, आणि केसर डोळ्यांनी त्याला सांगत होती की चार शब्द बरे बोला.

“तीन गाणी तुझ्यावाचून उघडी पडली होती, बाय,” तो म्हणाला. “ती मी बहिऱ्यासारखी ऐकली. पण चौथं, ते अकरा मिनिटांचं, त्यात तू थांबतच न्हाईस. गिटारवाला बोलतोय, तवा बी तू बोलतेस.”

“म्हणजे मी नव्हते तेव्हा ते बरं होतं?”

याच गाण्याला त्याने परीक्षणात सगळ्यांत वर ठेवलं होतं. त्याने खाली बघितलं. वाईट त्यालाही वाटत होतं.

“व्हय,” तो म्हणाला. “त्या एका गाण्यात, व्हय.”

केसरने कपाळावर हात मारला. पूनम उजवीकडच्या खोक्याकडे वळली. मग तिने लाल तार काढायला सांगितली. चांगदेव म्हणाला, राहू दे, मी उगाच बोललो. ती म्हणाली, काढा.

त्याने तार काढली आणि चौथं गाणं लावलं. पूनम डोळे मिटून बसली. सुरुवातीला तिची बोटं मांडीवर आपले सूर वाजवत होती. मग ती विरळ झाली, मध्यावर थांबली, आणि पुढची पाच मिनिटं ती गिटार ऐकत राहिली. गाणं संपलं तेव्हा तिने डोळे पुसले आणि खुर्ची चांगदेवच्या बाजूला ओढून घेतली.

“आता यात मी कुठे वाजवायला हवं होतं, ते दाखवा,” ती म्हणाली, आणि चांगदेवने सुई उचलून पुन्हा चौथ्या गाण्याच्या सुरुवातीला नेली.