घाईने दिलेली साक्ष

मी मूळचीच भित्री. साहेबांचा फोन वाजला तरी मी उभी राहूनच बोलते. त्यामुळे नाशिकच्या ज्या द्राक्ष निर्यात कंपनीत मी काम करते, तिथे बढती मिळणार असं कळल्यावर मला इतका धीर आला, की त्याच रविवारी चर्चच्या उपासनेत उभी राहून मी साक्ष देऊन टाकली, म्हणजे देवाने माझ्यासाठी काय केलं ते सगळ्यांना सांगितलं. पत्र अजून हातात नव्हतं, तरी ‘ही प्रभूचीच इच्छा’ असं छातीठोकपणे सांगून मोकळी झाले. उपासनेनंतर सगळ्यांनी आमच्या रीतीप्रमाणे सलाम करून अभिनंदन केलं. चर्चच्या पाळकसाहेबांनी तर पुढच्या रविवारी माझ्यासाठी देवाचे आभार मानायला उपकारस्तुतीची प्रार्थनाही ठेवली. प्रभूची इच्छा प्रभूलाच विचारायची तेवढी माझ्याकडून राहून गेली होती.

माझं काम बागांमधून नमुने आणायचं. निरनिराळ्या वेलींवरचे घड कापायचे, पिशवीत सीलबंद करायचे, वर प्लॉटचा नंबर लिहून सही करायची. प्रयोगशाळेत फवारलेल्या औषधाचा अंश जास्त निघाला, की तो माल परदेशी जात नाही. बुधवारी दिंडोरीकडच्या एका बागेत पोहोचले, तोच साहेबांचा फोन आला. “मॅडम, त्या प्लॉटवर उशिरा फवारणी झालीय. बांधापलीकडच्या बागेतले घड घ्या आणि नंबर याच प्लॉटचा टाका. तुमचं बढतीचं पत्र टेबलावरच आहे, संध्याकाळी सही करतो.”

फोन ठेवून मी भर उन्हात बांधाकडे बघत राहिले. नाही म्हणावं तर नोकरी जाणार, आणि रविवारी मंडळीत तोंड कसं दाखवणार? ही दुसरी भीती पहिलीपेक्षा मोठी होती, हे लिहिताना लाज वाटते. प्रार्थना करायला गेले तर शब्द सुचेनात. नुसतं ‘प्रभू, प्रभू’ पुटपुटत मी बांध ओलांडला, घड कापले, पिशवी भरली आणि परत येऊन नंबर टाकायला पेन उघडलं.

“ताई, ही द्राक्षं खाल्ली त चालंल का?”

मी दचकून वळले. सुरगाण्याकडून मजुरीला आलेली एक बाई उभी होती. हातात त्या फवारलेल्या प्लॉटमधला, खाली पडलेला घड. “पोटुशी हाय मी. लय खावंसं वाटतंय, पण औषधाचा वास येतो. तुमी तपासनारी ना? तुमी सांगाल तसं करते.”

“नको गं बाई, अजिबात खाऊ नको!” मी जवळजवळ ओरडलेच. तिचा चेहरा पडला. मला राहवलं नाही. पिशवीतले सगळे घड मी तिच्या पदरात घातले. “हे पलीकडचे आहेत. धुऊन खा.”

ती हसत निघून गेली आणि मी रिकामी पिशवी धरून उभी राहिले. तिला खरं सांगून झालं होतं. आता त्याच प्लॉटबद्दल खोटं कसं लिहिणार? मी ज्या प्लॉटचा नमुना हवा होता त्याच प्लॉटमध्ये शिरले आणि तिथले घड कापले. पिशवी सीलबंद केली, वर त्याच प्लॉटचा नंबर टाकला आणि सही केली.

नमुना नापास झाला. साहेब म्हणाले, “बढती विसरा. हंगाम संपला की येऊ नका.”

रविवारी चर्चच्या पायरीवरूनच घरी पळावंसं वाटत होतं. पाळकसाहेबांनी नाव घेतलं तेव्हा मी पुढचं बाक घट्ट धरून उभी राहिले. मागची साक्ष परत घेते म्हणाले आणि घडलं ते सगळं सांगितलं.

पाळकसाहेब माझ्या बाकापर्यंत चालत आले. मग म्हणाले, “उपकारस्तुती ठरलीय ना? मग ती होणारच. उभे राहा सगळे.”

त्या बाईचं नावही मी विचारलं नाही. तिला प्रभूने पाठवलं, की नुसते डोहाळे घेऊन आले, हे मला सांगता येणार नाही. तिच्यासाठी मात्र रोज प्रार्थना करते. हंगाम आता संपत आलाय आणि पुढचं काही ठरलेलं नाही, त्यामुळे भीती वाटतेच. पूर्वी मी सगळं मागून झाल्यावर शेवटी ‘तुझी इच्छा’ म्हणायचे, पत्राखाली सही करावी तसं. आता आधी तेवढंच म्हणते, आणि पुष्कळदा पुढे मागायचं राहूनच जातं.