वस्तीवर जामीन राहिले तो दिवस

खुर्च्या साठ मांडल्या होत्या आणि बसलो होतो आम्ही तिघं. मी, मंडपवाला आणि प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलेले पोलीस इन्स्पेक्टर.

वडूजच्या बाहेर गायरानावर फासेपारध्यांची बारा पालं आहेत. तिथल्या तरुण मुलामुलींसाठी आमची संस्था एक प्रोजेक्ट चालवते. मी त्याची को-ऑर्डिनेटर. कागदावर त्याला ‘वेलबीइंग’ म्हणतात. म्हणजे पोरांची शाळा सुटू नये, दवाखान्यात त्यांना कुणी हाडतूड करू नये, आणि मनात काय चाललंय ते बोलायला त्यांना एक जागा असावी. ती जागा म्हणजे पत्र्याची एक खोली. त्या दिवशी तिचं उद्घाटन होतं.

पालं मात्र रिकामी होती. एका चुलीतली राख अजून कोमट लागत होती.

“मॅडम, मी येणार हे त्यांना माहीत होतं?” इन्स्पेक्टरसाहेबांनी विचारलं. मनानं चांगला माणूस. पोरांसाठी पदरमोड करून वह्या आणल्या होत्या.

“पत्रिकेत तुमचंच नाव होतं साहेब. सगळ्यांत मोठ्या अक्षरात.”

त्यांनी वह्यांचा गठ्ठा शेजारच्या खुर्चीवर ठेवला. मग म्हणाले, “माणसं पाठवू का शोधायला?”

“नको हो! मागं पोलीस लागलेत असं कळलं तर ही मंडळी थेट कर्नाटक गाठतील.”

तेवढ्यात सांगलीहून डायरेक्टरसरांचा फोन. “निदान आजूबाजूची माणसं खुर्च्यांवर बसवा आणि फोटो घ्या.” मी फोन कट केला. रेंज गेली, असं नंतर सांगितलं.

मला फोटोची पडलेली नव्हती, अंजलीची पडली होती. सतरा वर्षांची अंजली ही त्या वस्तीतली बारावी पास झालेली पहिली मुलगी. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता साताऱ्यात तिचा नर्सिंगच्या ॲडमिशनसाठी इंटरव्ह्यू होता, आणि सोबत पालक हवेत अशी अट. तो चुकला की वर्ष गेलं. आणि त्या घरात मुलीचं वर्ष रिकामं गेलं की तिचं लग्न ठरतं.

वस्ती हलली तर कुठं जाते, हे तीन वर्षांत मला कळलं होतं. म्हसवडच्या अलीकडे माळावर अंजलीच्या आत्याची पालं असतात. लगेच निघाले. ऑफिसच्या गाडीला चावी लावली आणि लक्षात आलं, पोलिसांसारखी आपली गाडीही जीपच की! चावी काढली आणि एसटीनं गेले.

माळावर शेवंताआजी सामोरी आली. अंजलीची आजी. वस्तीत शब्द तिचाच चालतो.

“आजी, न सांगता असं का निघून आलात?”

“आवं बाई, पत्रिका तुमीच दिली. पोरीनं वाचून दावली. समद्यांनी यका जागी जमायचं, आन मग सायेब येनार. हिच्या बापाला असंच जमवून न्हेलं हुतं. चोरी झाली दुसऱ्या गावात, आन पोरगं माजं आत. चार म्हैन्यांनी सोडला. म्हनलं का कुनी, चुकलं म्हून?”

पालाच्या तोंडाशी अंजली उभी होती. डोळे रडून सुजलेले. “मॅडम, मी त्ये नावच वाचलं नसतं तर बरं झालं असतं.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोलिसांची भीती घालवायची तर पोलिसांनाच बोलवावं, ही आयडिया माझी. मीटिंगमध्ये तिच्यावर टाळ्याही घेतल्या होत्या. वस्तीला विचारायचं तेवढं राहिलं होतं.

मी माफी मागितली. उद्याच्या इंटरव्ह्यूचं सांगितलं. आजीनं सावकाश तंबाखू मळली.

“पोरगी जाईल. बाप जाईल संगं. पन ती परत येस्तवर तुमी हितं बसायचं.”

“म्हणजे?”

“जामीन.”

रात्री म्हसवडला ओळखीच्यांकडे उतरले आणि सकाळी सहाला माळावर हजर झाले. सर्टिफिकेटांची फाईल अंजलीच्या हातात दिली. बापलेक एसटीकडे गेले. मी पालात बसले.

आधी रागच आला. तीन वर्षं उन्हातान्हात यांच्या दारात खेपा घालतेय, आणि एवढाही विश्वास नाही? आडोशाला निघाले तरी आजी एका बाईला माझ्याबरोबर धाडायची. भाकरी मात्र पहिली मला वाढली.

दुपारी सरांचा फोन आला. “आहात कुठं तुम्ही?”

“सर, जामीन राहिलेय.”

“कशाबद्दल?”

“आपल्या पत्रिकेबद्दल.”

तीनच्या सुमारास रस्त्यावर एक जीप दिसली. भाकरी थापणारे हात थांबले. बायकांनी पोरं जवळ ओढली. मीही नकळत पालाच्या आत सरकले. मी काय केलं होतं? काहीच नाही. जीप सिद्धनाथाच्या दर्शनाला निघालेल्या कुणाची तरी होती, सरळ निघून गेली. भाकरी पुन्हा थापली जाऊ लागली, पण माझा राग कुठल्या कुठं गेला होता. मी एक दिवस तशी बसले. ही माणसं जन्मभर तशी बसलेली आहेत.

साडेपाचला अंजली माळावरून पळतच आली. मागून तिचा बाप, फाईल दोन्ही हातांनी छातीशी धरून.

“मिळाली मॅडम! सीट मिळाली!”

“काय विचारलं गं?”

“रक्ताची भीती वाटती का, म्हनले. मी म्हनलं, रक्ताची न्हाई वाटत, जीपची वाटती. समदे हसले.” तिनं मागं वळून बापाकडे पाहिलं. “आबा शेजारी बसलेला. त्यो न्हाई हसला.”

आजीनं नातीच्या तोंडावरून हात फिरवला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “जावा बाई. सुटला तुमी.”

आठ दिवसांनी वस्ती वडूजला परतली. खोली उद्घाटनाशिवायच सुरू झाली आणि रोज भरते. आता काहीही ठरवायचं असलं की मी आधी आजीकडे जाते. आतापर्यंत तिनं माझे दोन कार्यक्रम मोडीत काढलेत. दोन्ही वेळा मला राग आला, आणि दोन्ही वेळा तिचंच बरोबर निघालं.